साथीच्या दिवसांत फ्लॅटमध्ये कामाला जाताना : नागपुरातल्या कारागिरांसाठी आणि त्यांना बोलावणाऱ्यांसाठी

मे २०२० मधली गोष्ट. मनीष नगर भागातल्या एका फ्लॅट स्कीमच्या गेटवर चौकीदाराने आमच्या एका पोराला उभं केलं, ‘डोळे मीट’ म्हणाला आणि पाठीवरच्या फवारणी पंपातून त्याच्यावर डोक्यापासून पायापर्यंत हायपो (जंतू मारायचं सोडियम हायपोक्लोराइट) फवारलं. कमिटीचा तसा आदेशच होता. मग लिफ्ट नाकारली, म्हणून शिडी आणि पाना-पक्कडीची पिशवी घेऊन पोरगं चार मजले चढलं. वर फ्लॅटमध्ये सहा माणसं, सगळ्या खिडक्या बंद, एसी चालू, एकाच्याही तोंडावर मास्क नाही आणि दिवाणावर बसलेले काका खोकत होते. पोरगं पाऊण तास त्या खोलीत काम करून आलं. संध्याकाळपर्यंत डोळे चोळत होतं, ते हायपोने.

काळजी घेतली गेली नाही असं नाही. भरपूर घेतली गेली, पण चुकीच्या जागी. खरं तर माणसांवर असं रसायन फवारू नका, त्याने फायदा तर नाहीच, उलट अपाय होतो, असं केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने त्याआधीच, एप्रिलमध्ये सांगितलं होतं. गेटपर्यंत ते पोचलं नव्हतं.

मी कूलर-एसी दुरुस्तीचं आणि नळकामाचं छोटं काम चालवतो. सहा कारागीर, म्हणजे तीन जोड्या. कोरोनाच्या दोन-अडीच वर्षांत चुकत-माकत आम्ही आमचे नियम एका वहीत लिहीत गेलो, निम्मे नंतर खोडले. जे टिकले ते इथे देतो. जागतिक आरोग्य संघटनेने कोरोनाची आणीबाणी ५ मे २०२३ रोजी संपल्याचं जाहीर केलं, पण वही मी टाकली नाही.

सगळ्यात आधी : ही साथ पसरते कशाने?

२०२० मध्ये आम्ही भाजी धुतली, नोटा उन्हात वाळवल्या, पान्याची मूठसुद्धा दर तासाला पुसली. पुढे कळलं की कोरोना मुख्यतः श्वासावाटे पसरतो. एका खोलीत, कोंडलेल्या हवेत, बाधित माणसासोबत किती वेळ काढला यावर बरंच काही ठरतं. एप्रिल २०२१ मध्ये अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने सांगितलं की, विषाणू असलेल्या पृष्ठभागाला एकदा हात लागून संसर्ग होण्याची शक्यता साधारणपणे दहा हजारांत एकापेक्षाही कमी असते. म्हणून हात धुवायचे नाहीत असं नव्हे. पण शंभर टक्के मेहनतीतली ऐंशी टक्के पुसापुशीत आणि वीस टक्के खिडकीत घालवत असाल, तर ती उलटी करा.

उद्याची साथ वेगळी असू शकते. पोटाचा आजार असेल तर पाणी आणि हातच मुख्य. डेंग्यू असेल तर मास्क काय कामाचा, कूलरच्या टाकीतलं पाणी बघा. तेव्हा नियम लावण्याआधी एवढं विचारून घ्या. पुढचं सगळं श्वासावाटे पसरणाऱ्या साथीला धरून आहे.

सकाळी, घरून निघण्याआधी

ताप, खोकला, घसा, अंगदुखी, वास-चव जाणं, घरात कोणी आजारी. एवढं रोज सकाळी स्वतःला विचारायचं आणि जोडीदाराला फोनवर सांगायचं. एक जरी ‘हो’ आलं तरी त्या दिवशी काम नाही.

लिहायला सोपं आहे. पण रोजंदारीवरच्या माणसाला ताप आला म्हणून त्याची सहाशे रुपये मजुरी बुडणार असेल, तर तो पॅरासिटामॉल घेऊन येईलच. मीही त्याच्या जागी असतो तर आलो असतो. पहिल्या लाटेत आमच्यातल्या सगळ्यात जुन्या कारागिराने दोन दिवस ताप लपवला. मी रागावलो, तेव्हा तो शांतपणे म्हणाला, “भाऊ, तुम्ही ताप विचारून राहिले, मी किराणा मोजून राहिलो.”

त्या दिवशी आम्ही डबा ठेवला. प्रत्येक कामाच्या बिलात तीस रुपये ‘साथ-खर्च’ म्हणून लावायचे, बिलावर तसं उघड लिहायचं आणि ते वेगळ्या डब्यात टाकायचे. तीन जोड्या, रोज चार-चार घरं, म्हणजे बारा कामांचे ३६० रुपये. महिन्यात पंचवीस दिवस काम झालं तर नऊ हजार. सहाशेच्या हिशोबाने एका माणसाची सात दिवसांची मजुरी ४,२०० होते, म्हणजे महिन्याला दोघं आजारी पडले तरी त्यांची पूर्ण मजुरी निघते. गिऱ्हाइकांपैकी दोघा-तिघांनी कुरकुर केली, बाकीच्यांनी विचारलंसुद्धा नाही. या लेखातला एकच नियम पाळायचा झाला तर हा पाळा. मास्क, सॅनिटायझर, थर्मामीटर सगळं याच्या मागून येतं. एकटे काम करणारे प्लंबर-इलेक्ट्रिशियन असाल तर हाच डबा स्वतःसाठी ठेवा.

जोड्या मात्र पक्क्या ठेवा. आज याच्यासोबत, उद्या त्याच्यासोबत असं केलं की एकाचा ताप सहाही जणांच्या घरी पोचतो. जोडी ठरलेली असेल तर दोनच माणसं घरी बसतात, बाकीचं काम चालतं.

फोनवरच अर्धं काम होतं

गिऱ्हाइकाचा फोन आला की आम्ही आधी विचारतो : घरात कोणाला ताप-खोकला आहे का, चाचणीचा अहवाल यायचा आहे का, वयस्क किंवा केमो-डायलिसिस चालू असलेलं कोणी आहे का. विचारण्याची पद्धत महत्त्वाची. “तुमच्याकडे कोरोना आहे का?” असं विचारलं की लोक खोटं बोलतात, कारण स्कीममध्ये बोभाटा होण्याची भीती असते. “काकू, कोणाची तब्येत बरी नसेल तर सांगा, त्याप्रमाणे मुलं तयारीने येतील, काम अडणार नाही,” असं म्हटलं की खरं सांगतात. आणि जे सांगतील ते आपल्याजवळ ठेवायचं. शेजारच्या ब्लॉकमध्ये काम करताना ते बोलून दाखवणारा मुलगा मी एकदा घरी बसवला होता.

मग कामाची निकड. बेसिनचा नळ थेंब-थेंब गळतोय, तर आठवडाभर खाली बादली ठेवा. बोर्डातून ठिणग्या येतात, पाइप फुटून खालच्या फ्लॅटमध्ये पाणी उतरतंय, तर घरात आजारी माणूस असला तरी जावं लागतं. फ्रीज बंद पडलाय आणि आत इन्सुलिन आहे, असा फोन आला की आधी इन्सुलिन शेजाऱ्याच्या फ्रीजमध्ये ठेवायला सांगतो, मग फ्रीज उद्या बघितला तरी चालतो. गॅसचा वास येत असेल तर आम्हाला नाही, १९०६ वर फोन करायचा, आणि तोवर बटणांना हात लावायचा नाही.

या निकडीच्या यादीत आपल्याकडे कूलर कुठे बसतो? पुण्या-मुंबईकडचा माणूस त्याला ‘नंतर बघू’मध्ये टाकेल. मे महिन्यात पारा ४५ च्या वर असताना, वरच्या मजल्यावर, घरात म्हातारं माणूस किंवा तान्हं बाळ असेल तर बंद कूलर हे तातडीचंच काम आहे. उन्हानेही माणसं जातात.

वेळ कोणती द्यायची हाही साथीचाच प्रश्न आहे, हे आम्हाला उशिरा कळलं. दुपारी दोनला कोणाला खिडक्या उघडायला सांगितल्या तर तो आपल्याला वेड्यात काढेल, बाहेर झळा असतात. म्हणून उन्हाळ्यात घरातली कामं सकाळी सात ते अकरा, आणि गच्चीवरची किंवा आउटडोअर युनिटची संध्याकाळी पाचनंतर. बारा ते चार कोणीच बाहेर नाही. पूर्वी एक जोडी दिवसात सात घरं करायची, ती चारवर आली.

पिशवीत काय असावं

दोन एन-९५ मास्क, त्यातला एक दुपारनंतरसाठी. पुढे प्लास्टिकची झडप असलेला मास्क घेऊ नका. तो आत येणारी हवा गाळतो, पण आपण सोडलेली तशीच बाहेर जाते. जुलै २०२० मध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने राज्यांना पत्र पाठवून याबद्दल सावध केलं होतं. मास्क रोज नवा परवडत नाही, तर मास्कांवर कामाचे वार लिहा, वापरलेला कागदी पाकिटात वाळू द्या आणि पुढच्या आठवड्यात त्याच वारी काढा. प्लास्टिकच्या पन्नीत ठेवला तर घाम आतच राहतो. धुवू नका. नाकावरची पट्टी सैल झाली की फेका.

साबणाची वडी, छोट्या डबीत. हात धुवायला पाणी असेल तिथे साबणच, निदान वीस सेकंद. पाणी नसेल तिथे सॅनिटायझर, त्यात अल्कोहोल किमान साठ टक्के हवं. बाटलीवर प्रमाण छापलेलं नसेल तर ती बाटली घेऊ नका.

आता कारागिरांसाठी खास. सॅनिटायझर पेट घेतो. त्याच्या वाफेला आग धरायला वीसेक अंश तापमान पुरतं, म्हणजे नागपुरात बारा महिने धोका. हात ओले असताना गॅस गीझर उघडायचा नाही, तांब्याच्या पाइपला ब्रेझिंग करायला टॉर्च पेटवायची नाही, चालू बोर्डात बोट घालायचं नाही. हात चोळून पूर्ण कोरडे होईपर्यंत थांबायचं. बाटली गाडीच्या डिकीत उन्हात ठेवायची नाही.

हत्यारं पुसायला हायपो नको. पक्कड, पाने आठवड्यात गंजतात. त्यांना आयसोप्रोपिल अल्कोहोल. सर्किट बोर्ड साफ करायला आपण ९९ टक्क्यांचं वापरतो, तेच घ्या, पण ७०० मिलीमध्ये पाणी घालून एक लिटर करा. तीव्र जास्त ते चांगलं असं इथे नाही, ९९ टक्केवालं काम व्हायच्या आत उडून जातं. कपडा ओला करून पुसायचं, मल्टीमीटरवर किंवा ड्रिल मशीनवर थेट फवारायचं नाही.

फरशी, संडास-बाथरूम, प्लास्टिकचे नळ (स्टीलचे नाही), यांना हायपो चालतं. कॅनवर टक्केवारी बघा. ५ टक्क्यांचं असेल तर एक लिटर मिश्रणासाठी २० मिली हायपो आणि बाकी पाणी. १० टक्क्यांचं असेल तर १० मिली. त्यातून ०.१ टक्क्याचं पाणी तयार होतं, घरातल्या कामाला ते पुरे. आधी घाण साबणाने काढायची, मग हे लावून दहा मिनिटं राहू द्यायचं, मग पुसायचं. ऊन आणि उष्णतेने हायपोचा जोर जातो, म्हणून रोज लागेल तेवढंच बनवा आणि कॅन अंधारात ठेवा. आणि ते संडास साफ करायच्या अॅसिडसोबत कधीही, कधीही मिसळू नका. क्लोरीन वायू निघतो. बंद बाथरूममध्ये तो जीव घेऊ शकतो.

याशिवाय जुनी वर्तमानपत्रं किंवा ताडपत्रीचा तुकडा (पिशवी गिऱ्हाइकाच्या सोफ्यावर जात नाही), स्वतःचा पेन, गॉगल, दोन लिटर पाणी, ओआरएसची दोन पाकिटं.

हातमोजे? नळकामात घाणीसाठी हवेत, विजेच्या कामात विजेसाठी हवेत. विषाणूसाठी मला त्यांचा भरवसा नाही. मोजे घातलेला माणूस त्याच हाताने बोर्ड, मोबाइल, मास्क, कपाळावरचा घाम सगळं करतो आणि हात धुतले नाहीत हे विसरतो.

गेट आणि लिफ्ट

वहीत नोंद स्वतःच्या पेनने. तापमान मोजायची बंदूक उन्हातून आलेल्या माणसाच्या कपाळावर लावली तर ती नाही नाही ते आकडे दाखवते, म्हणून आधी दहा मिनिटं सावलीत बसू द्या. हे कमिटीवाल्यांनी चौकीदाराला सांगून ठेवावं. दुपारी गाडी चालवत आलेल्या आमच्या मुलाला दोनदा तापाचा म्हणून परत पाठवलं होतं.

लिफ्टमध्ये एक जोडी, बोलायचं नाही, बस. कारागिराला लिफ्ट नाकारून कोणाचं रक्षण होतं ते मला अजून कळलेलं नाही. चार मजले सामान घेऊन चढलेला माणूस धापा टाकत तुमच्या दारात उभा राहतो, आणि धापा टाकणारा माणूस जास्तच हवा बाहेर टाकतो.

आणखी एक. २०२० च्या एप्रिलमध्ये सतरंजीपुरा, मोमिनपुरा सील झाले, तेव्हा आधार कार्डावरचा पत्ता बघून पोरांना हाकललं गेलं. त्यातला एक तर महिनाभर दुसऱ्याच वस्तीत, मामाकडे राहत होता. पत्ता बघू नका, आज ताप आहे का ते विचारा.

घरात : खिडकी, माणसं, मास्क

हे घरच्यांनी करायचं आहे, आणि कारागीर यायच्या पंधरा मिनिटं आधी करायचं आहे. जिथे काम आहे त्या खोलीची खिडकी उघडा आणि तिच्या समोरच्या बाजूचं दार किंवा बाल्कनीही उघडा. एकच खिडकी उघडून हवा हलत नाही, एकीकडून आली तर दुसरीकडून जायला हवी. घरातली माणसं दुसऱ्या खोलीत. काम दाखवायला एकच जण, तोही मास्क लावून, दाखवून झालं की दूर. “आम्ही तर घरातच असतो, आम्हाला कशाला मास्क?” हे मी शंभरदा ऐकलंय. आमचं पोरगं आज चार घरं फिरणार आहे, काकू. तुमच्या घरातलं काही घेऊन ते पाचव्या मजल्यावरच्या आजींकडे जाऊ नये म्हणून.

या बाबतीत नागपूरकरांच्या हाताशी एक चांगली गोष्ट आहे, ती म्हणजे खिडकीतला कूलर. स्प्लिट एसी खोलीतलीच हवा गार करून पुन्हा पुन्हा फिरवतो, बाहेरची आणत नाही. खिडकीत बसवलेला कूलर मात्र बाहेरची हवा ओल्या खसमधून ओढून आत ढकलतो. समोरचं दार थोडं उघडं ठेवलं नाही तर खोली दमट होते, हे आपल्याकडे लहान पोरालाही माहीत असतं. तेच दार उघडं ठेवलं की आतली हवा सतत बाहेर जात राहते. तेव्हा दुसरं काही दुरुस्त करायला माणूस आला असेल तर एसी बंद करून कूलर चालू करा. फक्त कूलर पूर्ण खोलीच्या आत ठेवलेला असेल तर हा फायदा नाही, तोही मग आतलीच हवा फिरवतो.

एसीच लावायचा असेल तर खिडकी बोटभर उघडी ठेवा, २४ च्या खाली नेऊ नका. विजेचं बिल थोडं वाढेल.

कारागिरासाठी : मास्क घराच्या आत पूर्ण वेळ, नाकावर. घामाने चिंब झाला की श्वास घेणं जड जातं आणि हात आपोआप तो खाली ओढतो. तसं करू नका, बाल्कनीत किंवा जिन्यात जाऊन बदला. गच्चीवर आउटडोअर युनिटजवळ एकटे असाल तर मात्र मास्क काढा. उघड्यावर, एकट्याला, ४५ अंशांत मास्कची गरज नाही आणि चक्कर येऊन पडण्याचा धोका खरा आहे. आमच्या वहीत आधी ‘मास्क कधीही काढू नये’ असं होतं, ते खोडून हे लिहिलंय.

कामागणिक थोडं वेगळं

*कूलर.* बाहेरून, बाल्कनीतून किंवा गॅलरीतून होत असेल तर घरात शिरूच नका. प्लग काढल्याशिवाय टाकीत हात घालायचा नाही, साथ असो वा नसो. जुनं पाणी काढून टाकी घासा, गिऱ्हाइकाला आठवड्यातून एकदा ती कोरडी करायला सांगा. एक साथ चालू असताना डासांनी दुसरी आणू नये.

*एसी.* फिल्टर खोलीत झटकायचा नाही, कोरड्या ब्रशने घासायचा नाही आणि ब्लोअर मारायचा नाही. एसी बंद करून फिल्टर सावकाश काढा, सरळ बाथरूममध्ये नेऊन ओला करा, मग धुवा. ब्लोअर मारणं सोपं पडतं म्हणून आमची पोरं अजून करायला बघतात. त्याने महिनोन्महिन्यांची धूळ खोलीभर उडते आणि ती आधी आपल्याच नाकात जाते.

*वीज.* इथे गिऱ्हाइकाला सांगायचं आहे. कारागीर गेल्यावर बोर्डावर सॅनिटायझर फवारू नका. एमसीबी (बोर्डातला वीज तोडणारा खटका) पाडा, कपडा ओलसर करून पिळा, पुसा, वाळू द्या, मग चालू करा.

*नळकाम.* यात एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. २००३ मध्ये सार्स या श्वसनाच्या आजाराच्या साथीत हाँगकाँगच्या अमॉय गार्डन्स या उंच इमारतींच्या वसाहतीत तीनशेहून जास्त रहिवासी आजारी पडले. तपासात संशय गेला तो बाथरूमच्या फरशीतल्या जाळीखालच्या वाकावर, ज्याला आपण नहाणी ट्रॅप म्हणतो. या ट्रॅपमध्ये पाणी साचून राहतं आणि तेच खालच्या ड्रेनेजची हवा वर येऊ देत नाही. तिथे बऱ्याच घरांतले ट्रॅप कोरडे पडले होते, आणि बाथरूमचे एक्झॉस्ट फॅन मलवाहिनीतली दूषित हवा आत ओढत होते.

आता आपल्याकडचा मे महिना आठवा. मुलं पुण्याला, आई-वडील त्यांच्याकडे गेलेले, फ्लॅट दोन महिने बंद. दार उघडलं की बाथरूममधून वास येतो, म्हणजे ट्रॅप सुकलेला आहे. अशा फ्लॅटमध्ये गेलात तर आधी एक्झॉस्ट बंद, खिडकी उघडी, मग प्रत्येक जाळीत अर्धी बादली पाणी, बेसिन आणि वॉशिंग मशीनच्या आउटलेटमध्येही. पुन्हा बरेच दिवस घर बंद राहणार असेल तर वरून चार चमचे खाण्याचं तेल, त्याचा थर पाणी लवकर उडू देत नाही. न वापरलेल्या पाहुण्यांच्या बाथरूममध्ये चालू घरातही हे आठवड्याला करावं लागतं.

तुंबलेला संडास मोकळा करताना मास्क, गॉगल, लांब मोजे, एक्झॉस्ट बंद, खिडकी उघडी. फ्लश करताना झाकण खाली. त्यानंतर हात कोपरापर्यंत साबणाने. हे काम दिवसातलं शेवटचं ठेवता आलं तर उत्तम.

पाणी मागायचं की नाही

२०२० मधल्या बऱ्याच सूचनांत असायचं, ‘गिऱ्हाइकाकडे पाणी पिऊ नये.’ ज्याने लिहिलं तो कधी मे महिन्यात नागपुरात शिडीवर चढला नसावा. स्वतःची बाटली न्याच, पण ती अकराला संपते. गिऱ्हाइकाने बाल्कनीत किंवा दाराबाहेर स्टुलावर तांब्या-पेला ठेवावा किंवा कारागिराची बाटली वरून भरून द्यावी. मास्क काढून पाणी बाहेरच प्यायचं, बैठकीत नाही. स्कीमचं खालचं टॉयलेट कारागिरांना उघडं ठेवा आणि तिथे साबण ठेवा. लघवीला जायला जागा नाही म्हणून पाणीच न पिणारी पोरं मी बघितली आहेत, त्यातल्या एकाला दुपारी रस्त्याच्या कडेला उचलून सावलीत न्यावं लागलं.

पैसे, टपरी आणि खर्रा

पैसे शक्यतो मोबाइलवर. रोख दिलेच तर वेगळ्या पाकिटात ठेवा आणि हात धुवा, नोटा धुवायची गरज नाही.

आमच्याकडे मुलं आजारी पडली ती बहुतेक गिऱ्हाइकाच्या घरी नाही, आपापसांत. घरात पाऊण तास मास्क लावून काम करायचं आणि खाली उतरून टपरीवर चौघांनी खांद्याला खांदा लावून चहा प्यायचा. एकाच डब्यातून पोहे. आणि खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचं घोटलेलं मिश्रण. एकाने पन्नी घोटायची, चौघांनी त्यात चिमटी घालायची, मास्क हनुवटीवर, आणि पाच-पाच मिनिटांनी थुंकायचं. चिमटी घालणारा तोच हात तोंडात जातो, हे त्यांना दाखवायला मला एकदा हळद वापरावी लागली. एकाच्या बोटांना हळद लावली आणि म्हटलं, वाटा खर्रा. दहा मिनिटांत चौघांचे ओठ पिवळे. खर्रा सुटला नाही, खोटं का बोलू, पण प्रत्येकाची पन्नी वेगळी झाली.

जेवण उघड्यावर, झाडाखाली, हातभर अंतराने, गप्पा जेवून झाल्यावर मास्क लावून.

घरी परतल्यावर

पिशवी दाराशी. मोबाइल, गाडीची किल्ली आणि हेल्मेटचा पट्टा अल्कोहोलच्या कपड्याने पुसा. हेल्मेटचा पट्टा सगळे विसरतात, तो दिवसभर हनुवटीला लागलेला असतो. कपडे साध्या पावडरच्या पाण्यात, आंघोळ, मग पोरांना जवळ घ्या. घरात आई-वडील म्हातारे असतील आणि एकच खोली असेल, तर निदान झोपताना खिडकीजवळची जागा स्वतःकडे घ्या आणि त्यांचं डोकं दुसऱ्या टोकाला.

कोणी आजारी निघालं तर

यासाठीच रोजची वही हवी. तारीख, फ्लॅट, आत गेल्याची वेळ, बाहेर आल्याची वेळ, कोण भेटलं, खिडकी उघडी होती का. कोरोनाच्या काळात साधारण सहा फुटांच्या आत मिळून पंधरा मिनिटं काढली तर ‘जवळचा संपर्क’ धरत. वेळ लिहिलेली असेल तर कोणाला कळवायचं आणि कोणाला उगाच घाबरवायचं नाही, हे ठरतं.

आजारी मुलाची चाचणी. झटपट चाचणी निगेटिव्ह आली तरी लक्षणं असतील तर काम नाही. घरी ऑक्सिमीटर हवा, एका जोडीत एक पुरतो. बसून, हात गरम असताना, नखाला मेंदी किंवा रंग नसताना मोजा. ९४ च्या खाली आकडा गेला की वाट बघायची नाही, मेयो, मेडिकल ही सरकारी इस्पितळं, जे जवळ असेल तिथे. एप्रिल २०२१ मध्ये खाटेसाठी काय वणवण झाली ते या शहरात कोणी विसरलेलं नाही, उशीर परवडत नाही. किती दिवस घरी ठेवायचं ते त्या वेळच्या सरकारी आदेशाप्रमाणे. २०२० मध्ये चौदा दिवस ऐकत होतो, जानेवारी २०२२ मध्ये सौम्य रुग्णांसाठी ते सात दिवसांवर आलं, तेही शेवटचे तीन दिवस ताप नसेल तर. मजुरी डब्यातून, त्याच दिवशी, मागायला न लावता.

मग गिऱ्हाइकांना फोन. मुलाला लक्षणं सुरू व्हायच्या दोन दिवस आधीपासून जिथे जिथे तो गेला, त्या सगळ्यांना. फोन मालकाने करायचा, मुलाला करायला लावायचा नाही. त्याचं नाव सांगायचं नाही. मी असं बोलतो : “काकू, परवा सकाळी तुमच्याकडे आलेल्या जोडीतल्या एकाला आज ताप आहे. तो पंचेचाळीस मिनिटं होता, मास्क होता, खिडकी उघडी होती. पाच-सहा दिवस तब्येतीकडे लक्ष ठेवा, आजोबांपासून थोडं दूर राहा, काही वाटलं तर चाचणी करा. तुमच्याकडे कोणाला आधीपासून काही होतं का?” शेवटचा प्रश्न चुकवायचा नाही. दोनदा असं झालं की उत्तर आलं, “हो, आम्हीच सांगणार होतो.”

कोणी रागावतं. ऐकून घ्यायचं, वहीत त्या फ्लॅटपुढे ‘कळवलं’ असं वेळेसकट लिहायचं आणि पुढचा नंबर लावायचा.